आईंच्या रिळाला हात लावायचा नाही

माझा चहाचा चमचा हरवला होता. कोणी म्हणेल, एवढ्याशा चमच्याचं काय घेऊन बसलीस? पण आमच्या घरात चमचा हरवला की तो कुठेतरी ग्रीसमध्ये बरबटून निघतो, आणि मग तो कितीही घासा, त्याने साखर घ्यायची इच्छा होत नाही. तेव्हा चमचा दिसेना म्हटल्यावर माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकायला हवी होती. मी मात्र नेहमीसारखा आरडाओरडा केला आणि दुसरा चमचा घेतला.

आमच्या पुढच्या खोलीत मासेमारीची रिळं दुरुस्त होतात. गळाच्या काठीला खाली बसवलेलं असतं ना, हँडल फिरवून तंगूस, म्हणजे गळाची नायलॉनची दोरी, गुंडाळायचं, तेच ते रीळ. सासरे आणि नवरा दोघं मिळून हे काम करतात. टेबल एक, दिवा एक, हत्यारं एकाच खणात, आणि मतं दोन टोकांना. बाबा, म्हणजे माझे सासरे, घट्ट ग्रीसवाले. "पाणी आत शिरलं की रीळ मेलं," असं ते इतक्या गंभीरपणे सांगतात की गिऱ्हाईकाला वाटावं, घरातलं कोणीतरी गेलंय. नवरा पातळवाला. ग्रीसमध्ये तेलाचे थेंब टाकून, काडीने घोटून घोटून, तो ते इतकं सैल करतो की हँडलवर नुसती फुंकर मारली तरी फिरावं. "हँडल फिरवताना घाम फुटला तर ते काय रीळ म्हणायचं? जातं झालं ते!" हे त्याचं म्हणणं.

बरं, दोघांचे डबेही वेगळे. ग्रीस म्हणजे तरी काय, कशाने तरी धरून ठेवलेलं तेल. बाबांच्या निळ्या डब्यातल्या ग्रीसमध्ये ते तेल साबणाने धरलेलं असतं. नवऱ्याच्या पांढऱ्या डब्यात एका जातीच्या बारीक मातीने. दोन्ही आपापल्या जागी उत्तम. पण एकत्र आली की साबण मातीवर ढकलतो, माती साबणावर, आणि तेल कोणीच धरत नाही. सगळ्याचं पाणी होतं. म्हणून भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलंय, 'एका रिळात एकच ग्रीस.'

आणि एवढं लिहून ठेवलेलं असताना या दोघांनी एका दंतवैद्याच्या रिळात दोन्ही घातली. बाबांनी डाव्या बाजूने, नवऱ्याने उजव्या. प्रत्येकाला वाटलं, रिळात अजून ग्रीस भरलेलंच नाही. ते रीळ दंतवैद्याच्या मांडीवर, पांढऱ्या पँटवर, असं काही ओघळलं की तो बिचारा तळ्यावरून टॉवेल गुंडाळून घरी गेला. मग चूक कोणाची यावरून घरात जे भांडण पेटलं, त्याच्या शेवटी दोघांनी एकमेकांशी बोलणं बंद केलं.

बंद म्हणजे अगदी बंद. आणि मधल्या मध्ये मरण माझं.

"सूनबाई, त्याला विचार, बारीक पेचकस कुठे ठेवलाय."

हा 'तो' हाताच्या अंतरावर बसलेला असायचा. मी स्वयंपाकघरात.

"अरे, बाबा विचारतायत, पेचकस कुठाय?"

"सांग त्यांना, त्यांच्याच खिशात आहे."

"बाबा, तुमच्या खिशात आहे म्हणे."

"त्याला म्हणावं, मला माहीत होतं."

"मग मला कशाला विचारलं? मी काय इथे टेलिफोन आहे?" मी ओरडायचे. तेवढ्यापुरते दोघं गप्प व्हायचे, आणि बाबा हळूच म्हणायचे, "त्याला सांग, तुझ्यामुळे ती चिडली."

हे असं चाललेलं असताना आई पडल्या. आई म्हणजे माझ्या सासूबाई. न्हाणीघरात पाय घसरला, उजव्या हातावर भार आला आणि मनगट मोडलं. प्लास्टर निघालं तेव्हा डॉक्टर म्हणाले, हाड छान जुळलंय, आता हात चालवत राहा. हाड जुळलं होतं हो, पण मनगटात जोर राहिला नव्हता. काहीही घट्ट धरलं की बोटं आपोआप सुटायची.

सगळ्यात वाईट बरण्यांचं. आईंना झाकण उघडता येईना, आणि "उघडून दे" हे म्हणणं त्यांना जिवावर यायचं. मग त्या साखरेची बरणी गुपचूप माझ्या पुढ्यात आणून ठेवायच्या आणि खिडकीतून बाहेर बघत उभ्या राहायच्या, जणू बरणी आपल्या पायांनी चालत आलीय. मीही काही न बोलता झाकण फिरवायचे आणि बरणी परत सरकवायचे. कोणापुढे हात न पसरलेली बाई ती. मला फार वाईट वाटायचं, सरळच सांगते.

त्यात मावशी. आईंची धाकटी बहीण. तळ्यावर दरवर्षी गळाने मासे धरायची स्पर्धा होते, आणि गेली बरीच वर्षं त्याचा चषक मावशीच्या घरी मुक्कामाला आहे. पूर्वी तो आलटून पालटून दोघींकडे असायचा. मावशी त्यात आता पेनं ठेवते, आणि पाहुणे आले की पेन शोधायच्या निमित्ताने तो पुढे करते.

ती आईंच्या मनगटाची विचारपूस करायला आली. पाच मिनिटं मनगट झालं आणि गाडी आईंच्या गळाच्या काठीवर आली.

"ताई, तुझी ती काठी नुसती कोपऱ्यात धूळ खातेय. आता तुला काय करायची? मला देऊन टाक. मी नीट वापरीन."

आईंनी दुखरा हात पदराखाली घेतला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण मावशीला उलट बोलायची सोय नव्हती, म्हणून मी भांडी आपटली. मावशी म्हणाली, "तू राहू दे, चहाला दूध मीच घेते," आणि तिने जाऊन फ्रिज उघडला.

आता त्या फ्रिजमध्ये नवऱ्याने एका बशीत ग्रीसचे तीन गोळे ठेवले होते. पहाटेच्या थंडीत कुठलं किती आळतं ते बघायला. पांढरा गोळा तर अगदी लोण्यासारखा दिसत होता. मी "मावशी, ते..." म्हणेपर्यंत तिने बोट फिरवून तोंडात घातलंसुद्धा. तिचा चेहरा बघण्यासारखा झाला. पण आपण काय खाल्लं ते आपल्याला कळलं नाही, असं कबूल करेल तर ती मावशी कसली!

"छान झालंय," ती म्हणाली. "साखर जरा कमी पडली."

आईंनी पदर तोंडाला लावला. त्यांचे खांदे हलत होते. हात मोडल्यापासून त्या हसलेल्या मी पहिल्यांदा बघितल्या. नवऱ्याला संध्याकाळी हे सांगितलं तर त्याने काय विचारावं? "पाणी प्यायल्यावर धुतलं गेलं का जिभेला चिकटून राहिलं?" घ्या!

मावशी गेल्यावर आईंनी मला माजघरात बोलावलं. काठीवरून रीळ काढून माझ्या हातात दिलं.

"या वर्षी मी काठी टाकणार आहे," त्या म्हणाल्या. "मासा लागला आणि माझ्या हाताने धरला, तर धरला. नाही जमलं तर काठी तिला देऊन टाकीन. मग परत तळ्यावर यायचं नाव काढायचं नाही कोणी."

"आई, असं काय बोलता?"

"बोलायचं ते बोलून झालं. रीळ तू साफ कर. यांच्याकडे दिलं तर तो रुसेल, त्याच्याकडे दिलं तर हे रुसतील. आणि दोघांनाही सांगून ठेव, माझ्या रिळाला कोणी हात लावायचा नाही."

मी दोघांनाही सांगितलं. शब्द न शब्द सांगितला. निरोप पोचवायची सवय होतीच.

ते रीळ मी स्वयंपाकघरातच उघडलं. पुढच्या खोलीत नेलं असतं तर चार डोळे माझ्या बोटांवर बसले असते. सगळे भाग रॉकेलमध्ये बुडवले, जुन्या टूथब्रशने दात न् दात घासला, कपड्यावर वाळवले. निळा डबा घ्यायचा नाही आणि पांढराही घ्यायचा नाही, हे ठरवूनच बसले होते. फळीवरचं साधं पिवळं ग्रीस घेतलं. बशीत तेलाचे दोन थेंब टाकून काडीने घोटलं आणि अंगठा-बोटात धरून ओढून बघितलं. तार फार लांबली तर ग्रीस फार सैल, लगेच तुटली तर फार घट्ट. माझी तार नखाएवढी लांबून तुटली. गियरच्या दातांना ते बोटाने पुसटसं लावलं. बेअरिंगांना नुसतं पातळ तेल.

राहिलं ते मागचं बेअरिंग. हे एकाच बाजूला फिरतं. मासा ओढायला लागला की हँडल उलटं फिरू नये, माणसाने क्षणभर हात सोडला तरी ते जागच्या जागी राहावं, म्हणून ते असतं. त्याला ग्रीस अजिबात चालत नाही. आत ग्रीस गेलं की ते घसरतं आणि हँडल मोकाट सुटतं. त्याला सुईच्या टोकाने तेलाचा एक थेंब दिला आणि रीळ बंद केलं.

आईंनी ते दोन बोटांनी फिरवून बघितलं. "हं," म्हणाल्या. आईंचं 'हं' म्हणजे इतरांच्या टाळ्या. मला आभाळ ठेंगणं झालं.

पुढच्या दिवसांत दोघंही पुरुष विलक्षण गोड वागत होते. बाबांनी न सांगता भाजी निवडली. नवऱ्याने फ्रिज पुसला. मला मेलीला वाटलं, आईंच्या दुखण्याने सुधारले. चमचा हरवला तो याच दिवसांत.

स्पर्धेच्या सकाळी तळ्याकाठी सगळे आपापल्या खुर्च्या मांडून बसले. नियम एकच, पण कडक. मासा लागल्यावर दुसऱ्या कोणी काठीला, रिळाला किंवा तंगुसाला हात लावला, तर तो मासा बाद. पंच म्हणून एक निवृत्त मास्तर होते. गळ्यात शिट्टी, आणि ती वाजवायची संधी शोधतच ते फिरत होते. मावशी थोड्या अंतरावर बसली होती. आल्या आल्या तिने आईंच्या काठीकडे अशी नजर टाकली, की जणू कपाटात ती कुठे ठेवायची हे तिचं ठरलंय.

आईंनी गळ टाकला. झकास टाकला. माझा जीव भांड्यात पडला. मग त्या खुर्चीत टेकल्या, आणि थोड्या वेळाने म्हणाल्या, "अगं, हे काय गळतंय?"

मी वाकून बघितलं. रिळाच्या पोटातून काहीतरी ठिपकत होतं. फाटलेल्या दुधासारखं, करड्या रंगाचं, आणि त्यात निळसर झाक. मी तर पिवळं घातलं होतं!

मी मागे वळून दोघांकडे बघितलं. बाबा ढग बघत होते. नवरा स्वतःचे बूट बघत होता. "कोणी हात लावला?" मी विचारलं. बाबांनी घाम पुसायला गडबडीने खिशातून रुमाल ओढला, आणि रुमालाबरोबर माझा चहाचा चमचा खाली पडला. ग्रीसने निळाशार!

मी तोंड उघडणार, तेवढ्यात मासा लागला.

काठी एकदम वाकली. हँडल आईंच्या बोटांतून निसटलं आणि गरागरा उलटं फिरायला लागलं. फिरता फिरता त्याने आईंच्या बोटांवर टकटक फटके मारले. मागच्या बेअरिंगमध्ये ग्रीसचं ते पाणी शिरलं होतं, दुसरं काय! आता हँडल थांबवायला रिळात काहीच नव्हतं.

"आई, सोडून द्या!" मी ओरडले.

आईंनी सोडलं नाही. त्या फिरत्या हँडलमध्ये त्यांनी हात घातला आणि ते पकडलं. उजव्या हाताने. चांगल्या रिळावर माणूस मध्ये हात सोडून दम खातो, बोटं मोकळी करतो. इथे ती सोयच नव्हती. हात क्षणभर सैल पडला की हँडल उलटं सुटणार आणि मिळवलेला सगळा तंगूस परत तळ्यात जाणार. मासा ओढत होता, आणि तो सगळा ओढा त्या एका मनगटावर येत होता. त्यांच्या कपाळावरची शीर फुगली होती. मला रडूच यायला लागलं. धावून जावं तर मास्तर शिट्टी तोंडात धरून तयार. मी माझेच दोन्ही हात काखेत दाबून धरले.

आणि मागे काय चाललं होतं?

"तू काय घातलंस?"

"तुम्ही काय घातलंत ते आधी सांगा!"

"मी चमचाभर निळं. पाणी शिरू नये म्हणून. तिच्या हाताला ऐनवेळी दगा नको!"

"आणि मी पांढरं, पिचकारीने. आईला जोर लागू नये म्हणून! तुम्ही घातलंय हे मला सांगायचं नाही?"

"कसं सांगणार? आपण बोलत नाही ना!"

"मग नेहमीसारखा हिच्याकडे निरोप द्यायचा!"

"सूनबाईला कसा देणार? तिनेच हात लावू नका म्हणून बजावलं होतं!"

दोघंही माझ्याकडे वळले. चूक माझी निघायच्या बेतात होती. "एक अक्षर बोललात तर दोघांना तळ्यात ढकलीन," मी म्हटलं, आणि ते माझ्या तोंडून इतकं मनापासून निघालं की दोघं दोन पावलं काठापासून मागे सरकले.

आई कोणाचंच ऐकत नव्हत्या. थोडं गुंडाळायच्या, मग दात घट्ट आवळून नुसतं धरून ठेवायच्या, मग परत थोडं गुंडाळायच्या. हात बदलता येत होता, पण त्यांनी बदलला नाही. करडं पाणी त्यांच्या कोपरावरून ओघळून मांडीवर ठिपकत होतं. मावशीसुद्धा स्वतःची काठी सोडून उभी राहून बघत होती. शेवटी मासा काठाशी आला. आईंनी काठी कोपराखाली दाबून डाव्या हाताने जाळी घातली, आणि तो उचलून गवतावर ठेवला. तोपर्यंत उजवा हात हँडलवरच होता. नंतरही तो काढायचं त्यांच्या लक्षात राहिलं नाही. मी जाऊन त्यांची बोटं एकेक करून सोडवली.

"दुखतंय का?"

"दुखतंय तर," त्या म्हणाल्या. चेहरा मात्र असा फुलला होता की मी पुढे काही विचारलंच नाही.

वजनात मावशीचा मासा भारी निघाला. थोडाच, पण निघाला. चषक परत तिच्या पेनांकडे गेला. जाता जाता आईंच्या पाठीवर हात ठेवून ती म्हणाली, "ताई, तुझं बाई बरं आहे. घरात दोन-दोन कारागीर! असं भारी रीळ असल्यावर मनगटाला काय काम? सगळं आपलं आपणच होतं."

बाबा परत ढगांकडे बघायला लागले. नवऱ्याने बूट निरखायला घेतले. आणि आई अशा हसल्या, अशा हसल्या, की त्यांना खाली बसावं लागलं. मावशीला वाटलं, हरल्याचं दुःख झालं. तिने प्यायला पाणी दिलं. काठीचा विषय मात्र तिने काढला नाही, आणि आईंनी ती स्वतःच्या हाताने गाडीत ठेवली.

घरी आल्यावर दोघं त्या रिळावर बसले. आता बोलणं सुरू झालं होतं, म्हणजे मी सुटले असं तुम्हाला वाटेल. पण पूर्वी निदान शांतता तरी होती! रॉकेलमध्ये किती वेळ बुडवायचं इथपासून भांडण. नंतर कुठलं ग्रीस भरायचं यावर तर आवाज रस्त्यापर्यंत गेला. बाबांनी निळा डबा पुढे ओढला, तर त्याचं झाकण निघेना. चोरून ग्रीस काढताना घाईघाईत वाकडं बसवलेलं, ते घट्ट अडकलं होतं. बाबांनी जोर लावला. नवऱ्याने लावला. मी लावला.

"द्या इकडे," आई दारातून म्हणाल्या.

त्यांनी डबा पोटाशी धरला, उजवा हात झाकणावर ठेवला आणि फिरवला. खट्कन निघालं. झाकण एकीकडे, डबा एकीकडे ठेवून त्यांनी आमच्याकडे बघितलं. "अजून काही उघडायचं आहे?"

मी आत गेले आणि फळीवरच्या सगळ्या बरण्या आणून टेबलावर मांडल्या. आईंनी एकेक करून सगळ्या उघडल्या. सगळ्या परत बंद केल्या. रीळ बाजूला पडलं होतं, दोघं कारागीर तोंड उघडं टाकून बघत होते. साखरेची बरणी त्यांनी सगळ्यात शेवटी घेतली, आणि तिचं झाकण बंद करताना जरा जास्तच जोर लावला.

ती बरणी आजही माझ्याच्याने उघडत नाही. चहाची वेळ झाली की मी ती गुपचूप आईंच्या पुढ्यात नेऊन ठेवते आणि खिडकीतून बाहेर बघत उभी राहते.